बारा वाजताचा पांढरा

आमचे घरमालक दुपारी बारा ते एक गच्चीवर उघड्या डोक्यानं उभे असत, आणि त्या तासाभरात त्यांना हाक मारायची नाही असा घराचा नियम होता. खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकीण काकूंनी नळाची वेळ, फाटकाची कडी आणि हा नियम, तिन्ही गोष्टी एका दमात सांगून टाकल्या. मला वाटलं, सूर्याची काही उपासना असेल. काकू म्हणाल्या, "उपासना कायची. वाळत टाकलेले कपडे पाह्यतेत."

ते खरोखर कपडेच पाहत. दोरीवर काकूंचं पातळ असो की माझा दवाखान्याचा कोट, प्रत्येकासमोर थोडं थांबत, कापडाची कड दोन बोटांत धरून उन्हाकडे तिरपी करत आणि पुढे सरकत. सुट्टीच्या दिवशी मी जिन्यात बसून भाजी निवडता निवडता त्यांना पाहायची. राळेगावची डिसेंबरातली दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, लांबून जिनिंग कारखान्याची घरघर, हवेत कापसाचे तंतू तरंगताहेत, आणि त्या सगळ्या उजेडात एक उंच, काटकुळा माणूस पांढऱ्या कपड्यांमधून सावकाश चालतो आहे. आजही दुपारी डोळा लागता लागता मला हे दिसतं, आणि आपण हे खरंच पाहिलं होतं की नाही, अशी क्षणभर शंका येते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. घर यवतमाळला, लोहाऱ्याकडे; वडील तिथल्याच एका कारखान्यात. डोळे तपासायचं शिक्षण घेऊन राळेगावच्या सरकारी दवाखान्यात नुकतीच लागले होते, आणि नव्या नोकरीत असतो तेवढा शहाणपणा माझ्याकडे भरपूर होता. काका कापसाचे ग्रेडर म्हणून निवृत्त झालेले. खरेदी केंद्रावर गाडी आली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर बाहेर काढायचा, रंग, धागा आणि कचरा पाहायचा आणि माल कितव्या नंबरचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. छत्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं, आणि निवृत्तीनंतरही ते थांबवण्याचं त्यांना काही कारण दिसत नव्हतं.

त्यांच्या हिशेबी जगात पहिला नंबर फारच थोड्या गोष्टींचा होता. शेजारच्या लग्नात भाताचा पहिला घास हातात धरून त्यांनी उजेडात पाहिला आणि वधूपित्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात "दोन नंबर" म्हटलं. काकूंनी काढलेला चिमटा मला पंगतीच्या दुसऱ्या टोकावरून दिसला. शेवया केल्या की त्यातली एक काढून ते दोन्ही अंगठ्यांत ताणून पाहत आणि "धागा चांगला हाये" म्हणत. काकूंना बायको म्हणून मिळालेली ती बहुधा सर्वांत मोठी शाबासकी असावी.

एकदा मी सहज म्हणून गेले, की काका, पांढरा तो पांढराच, त्यात काय एवढं पाहायचं. त्यांनी मला गच्चीवर नेलं. "हा दुधी. हा चुन्याचा. हा पेजेचा. हा लहान लेकराच्या दाताचा. अन् हा तुमचा कोट. सरकारी पांढरा. म्हंजे कोनताच नाही." मग माझ्या कपाळावरच्या ओढणीकडे पाहून म्हणाले, "आन हे काढा पह्यले, मॅडम. सावली रंग खाते. खरा पांढरा बारा वाजता असते, तासभर. बाकी टाइम आपन अंदाजानं जगतो."

हे ते वेडेपणानं बोलत नसत. केंद्रावरच्या टिनाच्या शेडखाली त्यांनी कधीच माल पाहिला नाही. गाडी बाहेर उन्हात काढायला लावत. टोपी घालत नसत, कारण टोपीची सावली पापणीवर पडते आणि पापणीची कापसावर. डोळे किलकिले करणं त्यांना लबाडी वाटे. मिंधेपण नको म्हणून शेतकऱ्याच्या हातचा पाण्याचा घोटही घेत नसत. लोक त्यांना उनवाले साहेब म्हणत, आणि हे नाव सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की जणू ती पदवीच होती. "छत्तीस वर्षांत एकानं म्हनलं नाही, का साहेबानं रंग चुकवला," हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकत असे.

नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी मुकुटबनकडे काढली होती. कापसाचे ते दिवस वाईट होते. अळी, अवेळी पाऊस, आणि पिकवणाऱ्याच्या हातात काही उरलं नाही असं वाटायला लावणाऱ्या सालांची एक लांबलचक रांग. मी राहायला आले तेव्हाही ते दिवस सरले नव्हते. वर्तमानपत्राचं पहिलं पान काका न वाचताच घडी घालून ठेवत. "त्या सालांत लोकाइच्या हातात एकच गोष्ट होती," ते म्हणत. "साफ वेचणी. तेवढी तरी आपन बराबर पाह्यली पाह्यजे." ती आपण बरोबर पाहिली, यावर त्यांचं म्हातारपण उभं होतं.

मला दोन-तीन महिन्यांतच एक गोष्ट खटकू लागली. काकांचे सगळे कपडे निळे होते. मुळात पांढरेच; पण बनियन आभाळी, पायजमा आभाळी, रुमाल तर मोरपिशी म्हणावा असा. गल्लीला वाटे, म्हाताऱ्याला हौस आहे. काकूंना विचारलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "मी कपडे धुते तं यायले पिवळेच दिसतेत. म्हने, नीळ टाक. टाकली. अजून टाक. आता मी डबीच्या डबी उलटी करून राह्यली, तरी म्हने पिवळे. बाई, मायाच हाताले काही झालं का असं वाटते मले कधी कधी."

त्याच संध्याकाळी मी बॅटरी घेऊन काकांच्या समोर बसले. मोतीबिंदू म्हटला की लोकांना बाहुलीत पांढरा ठिपका डोळ्यासमोर येतो. काकांचा तसा नव्हता. दोन्ही डोळ्यांत आत काकवीच्या रंगाचं काहीतरी होतं, गडद आणि शांत. मी मोतीबिंदू म्हणताच ते हसले. "मोतीबिंदू पांढरा असते. अन् पांढरा मी ओळखतो, मॅडम."

वर्षभर त्यांनी मला दाद दिली नाही. डोळा हे त्यांचं हत्यार. त्याला कोणी हात लावायचा म्हणजे काय. मी आपली रोज थोडं थोडं सांगत राहिले. काही त्यांना कळावं म्हणून, काही आपल्याला किती येतं हे दिसावं म्हणून. जन्मतः डोळ्यातलं भिंग पाण्यासारखं असतं, मी सांगायची. उन्हात आपल्याला न दिसणारे किरण असतात, लहान मुलांच्या भिंगातून त्यातले काही थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचतात, म्हणून शाळेत गेले की मी मुलांच्या टोप्यांवरून मास्तरांशी भांडते. वय वाढतं तसं भिंग पिवळट होत जातं आणि ते किरण स्वतःच गिळून टाकतं. खिडकीला पडदा लावला की खोलीतल्या वस्तू उन्हापासून वाचतात, पण पडदा विटतो, तसं.

"मंग तरनेपनी काहून नाही विटत?" त्यांनी एकदा विचारलं. माणूस हट्टी होता, पण प्रश्न नेमका विचारायचा.

"तेव्हा भिंगात ऊन पचवणारी द्रव्यं असतात. चाळिशीनंतर ती कमी होत जातात. उलट त्यांचेच तुटके तुकडे भिंगाला चिकटून बसतात आणि त्याला तपकिरी करतात. ऊन तेच असतं, काका. पण पंचविशीत जे सहज निभावतं, ते पन्नाशीत लागतं. एकट्या उन्हाचाच दोष असतो असं नाही, पण तुम्ही काही कमी ऊन पाहिलेलं नाही."

दुसऱ्या एका दिवशी मी सांगितलं की नखं-केसांसारखं भिंग झडत नाही, कांद्यासारखे थरावर थर चढत जातात, आणि अगदी मधला दाणा आईच्या पोटात असतानाच तयार झालेला असतो. तेव्हा मात्र ते उठून बसले. त्यांची आई ते चार वर्षांचे असताना गेली होती. तिचा एक फोटोही घरात नव्हता.

"म्हंजे मायनं देल्लेलं अजून आत हाये?"

"आहे."

"ऑपरेशनात ते निघते? मले पाह्यले भेटन?"

अशा रीतीनं काका तयार झाले. दृष्टीसाठी नव्हे, आईनं दिलेला दाणा पाहायचा म्हणून. यवतमाळच्या डॉक्टरांना मी ही अट सांगितली तेव्हा ते हसले, पण उजव्या डोळ्याचा तो दाणा त्यांनी खारं पाणी भरलेल्या औषधाच्या छोट्या बाटलीत टाकून माझ्या हातात दिला. मसुराच्या डाळीपेक्षा थोडा मोठा, गडद तपकिरी.

पट्टी काढल्यावर काकांनी आधी पलंगाची चादर पाहिली. "इले नीळ कोनी देल्ली?" चादर नेहमीसारखीच होती. घरी येऊन गच्चीवर गेले आणि स्वतःचे बनियन पाहून मोठमोठ्यानं हसत सुटले. "असा मी बाजारात फिरत होतो? अन् तू फिरू देल्लं?" काकूही तोंडाला पदर लावून हसत होत्या. बारा वाजायला आले होते. मी म्हटलं, काळा चष्मा काढू नका. ते ऐकणार नव्हतेच.

शेजाऱ्याच्या ओट्यावरून त्यांनी मूठभर कापूस मागून आणला होता. तो कठड्यावर ठेवून डावा डोळा झाकला, पाहिलं. उजवा झाकला, पाहिलं. पुन्हा डावा. मग बाटलीतला दाणा तळहातावर घेतला आणि चिमूटभर कापसावर अलगद ठेवला. आम्ही तिघंही वाकून पाहत होतो. दाण्याखालचा कापूस चहाच्या डागासारखा दिसत होता, आणि त्याच्या भोवती तोच कापूस, एकाच बोंडातला, शुभ्र.

हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांना आईची आठवण झाली असेल असं मला आधी वाटलं. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "बेटा, हे असं कधीपासून?"

त्यांनी मला बेटा म्हणण्याची ती पहिली वेळ. मी थोडं सांभाळून बोलले. म्हटलं, हळूहळू होतं, काका, आपल्याला कळत नाही, मेंदू सवय करून घेतो, नेमकं सांगता येत नाही.

"अंदाजानं सांग."

मीच तर वर्षभर त्यांना सांगत आले होते की चाळिशीनंतर, पन्नाशीत. बोलल्या त्या काकू, अगदी साधेपणानं, त्या प्रश्नात काय आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. "निळीचं म्हनता का? ते तं आपन मुकुटबनले होतो तवापासून. रिटायर व्हायच्या चार-पाच साल आंदी. तिथलं पानी खराब म्हनून मी भांडत होती, आठवते नाही का?"

काका कठड्याला धरून उभे राहिले. मला त्यांचा तेव्हाचा चेहरा अजून सहन होत नाही. मी दुसरीकडे पाहिलं, आणि इतकं शिकून आपण ह्यांना हे असं काय दाखवून बसलो, म्हणून मला स्वतःचा राग आला.

त्यानंतर बारा वाजता गच्ची रिकामी राहू लागली. कपडे दोरीवर वाळत आणि काकू ते उतरवून आणत. दुसऱ्या डोळ्याचं मी काढलं की ते म्हणत, "राहू दे. याच्यातून पाह्यलं का समजते, मी काय करत होतो." मी समजावलं. म्हटलं, ग्रेड काही एका रंगावर ठरत नव्हता, धागा होता, कचरा होता, तुमचा हात तर बरोबर होता ना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक बाई होती."

मुकुटबनच्या अलीकडच्या एका गावची. दिरासोबत गाडी घेऊन आली होती. काकांनी मूठ काढली आणि सांगितलं, यात कवडी आहे. म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस मिसळलाय. ती म्हणाली, साहेब, परत पाहा, मी एकेक बोंड पाहून वेचलं. काकांनी सगळ्या गाड्यांसमोर आवाज चढवला होता, "कवडी मिसळून आनता अन् वरतून बोलता?" ती परत बोलली नाही. "दुसरे भांडत होते," काका म्हणाले. "ते भुललो मी. ते बाई चूप झाली म्हनून ध्यानात राह्यली. मले तवा वाटलं, चोरी पकडली म्हनून चूप झाली."

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. काकू म्हणाल्या होत्या, "जा तू संग. एकटे गेले तं रस्त्यात बसून राह्यतीन." पांढरकवड्याला बस बदलली. दोन्ही बाजूंना कापसाची शेवटची वेचणी चालली होती. काका खिडकीशी बसून काळ्या चष्म्याआडून बाहेर पाहत होते आणि ओठ हलत होते. प्रार्थना म्हणत असतील, किंवा नंबर. गावात विचारत विचारत आम्ही तिच्या शेतात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ती पन्नाशीची, वाळकी बाई, पदर कपाळावर ओढलेला, कमरेला ओटी बांधून वेचत होती. दोन्ही हात झाडावर असे चालत की पाहत राहावं.

"बाई, मले ओळखलं का?"

तिनं एक नजर टाकली. "उनवाले साहेब."

काकांनी बसमध्ये बरंच काही जुळवलं असावं. त्यातलं एवढंच बाहेर आलं, "त्या सालचा तुमचा कापूस पांढरा होता. माया डोळा पिवळा होता. मी सगळ्यांसमोर तुमाले बोललो. चुकलं माझं."

तिचे हात थांबले नाहीत. "आमाले माईत होतं," ती म्हणाली. "वेचला कोनं मंग?" थोडं पुढं सरकून, एक बोंड उकलून, मग म्हणाली, "दोन सालं मले कोनी वेचाले नाही बोलावलं. म्हने, इचीच नजर कच्ची हाये. साहेब खोटा नाही बोलत, म्हने. पानी नाही पेत तो कोनाचं."

काका मान खाली घालून उभे होते. तिनं ओटीत हात घातला, मूठभर कापूस काढून त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा वेचू लागली.

"हा सांगा."

मला दुरूनच दिसत होतं. अवेळी पावसात भिजून वाळलेला कापूस होता तो, मधून मधून मळकट, पिवळी झाक असलेला. एवढ्या लांब हा माणूस एकच शब्द द्यायला आला होता. तो आता दिला असता तर कोणाचं काय बिघडणार होतं? पांढरा म्हणा, काका, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. त्यांनी काळा चष्मा काढला. मी अडवलं नाही. कापूस उन्हात धरला, डावा डोळा झाकला, आणि किती तरी वेळ तसेच उभे राहिले.

"पिवळा हाये," ते म्हणाले. "पावसानं डागला. कवडी बी हाये. हा दुसऱ्या नंबरचाच, बाई. मी पह्यला नाही म्हनू शकत."

तिचे हात पहिल्यांदा थांबले. तिनं पदर थोडा मागे सारला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"आन तवाचा?"

"तवाचा पांढरा होता."

"हां," ती म्हणाली. "आता पटलं." त्यांच्या हातातला कापूस घेऊन तिनं ओटीत टाकला आणि पुढच्या झाडाकडे वळली.